शिक्षण : दहावी पास

महिन्याच्या सत्तावीस तारखेला
शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत
मालकाखालोखाल जास्त मलाच ठाऊक असतं.
दोनशे अकरा माणसं माझ्या बोटांखालून जातात :
हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, कॅन्टीनची कपात,
आणि नावापुढं एक रकाना, शिक्षणाचा.
हिशेबाला तो लागत नाही.
मी वाचते.

इलाही मुल्लाणी. आयटीआय, टर्नर.
दहावीला आमच्याच वर्गात, गणितात काठावर.
निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या अब्बांनी
त्याला उद्यमनगरात एका लेथपाशी नेऊन उभा केला.
आम्ही पोरी कॉलेजला जाताना
त्याचे ऑईलचे हात बघून
जरा हळहळायचो. खोटं कशाला बोलू,
बरंही वाटायचं.
आज तो व्हीएमसी चालवतो. बेचाळीस हजार तीनशे.
मी एम. कॉम., पहिला वर्ग. एकवीस.
त्याचा आकडा मीच टाकते,
एकदा तपासते,
मग पुन्हा एकदा, उगीच.

त्याच्या शेजारी उभा असतो रणधीर मगदूम.
चार वर्षं इंजिनिअरिंग, आईच्या पाटल्या, बँकेचा हप्ता.
ट्रेनी. अठरा हजार.
ड्रॉइंग त्याला येतं, मशीन इलाहीला.
टूल कधी बदलायचं ते आवाजावरून कसं ओळखायचं
हे इलाही त्याला शिकवतो,
आणि तीन-चार वर्षांत हाच पोरगा
त्याच्या रजेच्या अर्जावर सही करणार आहे.
दोघांनाही माहीत आहे.
चहाचे पैसे अजून इलाहीच देतो.

आणि सुकुमार कुंभोजे.
फेटलिंग, हेल्पर, रोजावर. शिक्षण : दहावी पास.
मार्चात उचलीचा अर्ज घेऊन आला.
कारण : वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया.
मी अर्ज दोनदा वाचला.
एकही वेलांटी चुकलेली नव्हती.
आमच्या साहेबांच्या नोटिशीत
‘सुरक्षितता’ दर वेळी नव्यानं चुकते.

“कुठवर शिकलायसा?”
त्यानं आधी दाराकडं बघितलं.
“एम. ए., बी. एड. सेटपण झालोय.
तासिका तत्त्वावर दोन वर्षं शिकवलं, मॅडम,
पगार वर्षातनं एकदा, दिवाळी झाल्यावर.
मग इकडं आलो. दोन कंपन्यांत खरं लिहिलं.
दोन्हीकडं म्हणाले, तुम्ही टिकणार नाही.
तिसरीकडं पुसलं.”
“एवढी वर्षं?”
“त्याला काय लागतंय? रबरसुद्धा नाही.
लिहायचंच नाही.”

जाता जाता म्हणाला,
विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुपारी मोर ओरडायचे,
ते तेवढं अजून ऐकू येतं,
ग्राइंडर बंद पडला की.

रकाना मी बदलला नाही.
फक्त आता नोटीस भिंतीवर जाण्याआधी
एक कागद फेटलिंगकडं जातो
आणि काळ्या अंगठ्याचा ठसा घेऊन
शुद्ध होऊन परत येतो.
हे काम कुठल्या सदरात धरायचं
मला अजून सापडलेलं नाही.

रविवारी भावाच्या घरी सगळे माझ्यावरच बसले.
सानिकाला ब्याण्णव टक्के पडलेत.
“तू सगळ्यांचे पगार बघतेस,
तूच सांग, हिला कुठं घालायचं?”
दोनशे अकरा आकडे तोंडाशी आले,
एकही दुसऱ्याच्या बाजूनं बोलेना.
डिप्लोमा म्हणावं तर रणधीर दिसतो,
डिग्री म्हणावं तर मी.

पोरगी ताटाकडं बघत म्हणाली,
“आत्या, मला भूगोल आवडतो.”

भावानं माझ्याकडं बघितलं.
वहिनीनं माझ्याकडं बघितलं.
मी म्हटलं, आधी जेव बाई,
रस्सा गार होतोय.